दुसरा वक्ता

माझ्या बायकोच्या डोक्यात एक पुरुष राहतो, हे मला एका शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर कळलं. कळवलं कुणी, तर मीच तिच्यासाठी निवडलेल्या आणि मीच तिला बसवून दिलेल्या अ‍ॅपनं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही आधीच तिची बाजू घेऊन बसाल.

माझी बायको सारिका गवतांची अभ्यासक आहे. हो, गवतांची. लोक वाघांमागे फिरतात, पक्ष्यांमागे फिरतात, ही डोंगरमाथ्यावरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, तासन्‌तास उकिडवी बसते आणि काडीएवढ्या गवताला भिंगातून बघते. बघण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती टिपणांबद्दल. विजेच्या बिलाची पाठ, औषधाचं खोकं, स्वतःचा तळहात, जे समोर येईल त्यावर ती लिहायची. एकदा 'लव आहे, पण फक्त खालच्या बाजूला' असं लिहिलेली चिठ्ठी इस्त्रीच्या गठ्ठ्यात गेली, आणि इस्त्रीवाल्यानं ती माझ्या स्वेटरबद्दल समजून स्वेटर तसाच परत पाठवला.

मला असला गबाळेपणा सहन होत नाही. मी हृषीकेश वैशंपायन, व्यवसायानं भाषा-तपासनीस. हल्ली फ्रिज, लिफ्ट, गीझर, बँकेची यंत्रं सगळी मराठीत बोलतात. त्यांनी नीट बोलावं, 'दार उघडा आहे' न म्हणता 'दार उघडं आहे' म्हणावं, म्हणून मला पगार मिळतो. आमच्या वारज्याच्या घरात मी फ्रिजलासुद्धा चुकू देत नाही.

तर मी रीतसर तीन अ‍ॅप्स निवडली आणि तक्ता केला. पहिल्यात सगळं टाइप करायचं. सारिकाचे हात कायम चिखलात, त्यामुळे ते बाद. दुसरं फार हुशार होतं, एका नोंदीची दुसरीशी गाठ मारून जाळं विणायचं, पण ते लावता लावताच दिवाळी उजाडली असती. तिसऱ्याचं नाव 'पुटपुट', आणि त्याच्यापुढे बाकीची दोन्ही पाणी भरत होती.

पुटपुटची गंमत अशी. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा आवाज निघत नाही, पण मेंदू जिभेला आणि जबड्याला हुकूम सोडतोच. अगदी क्षीण, स्नायू जेमतेम थरथरावा इतका. कानामागे चिकटवायची एक टिकली ती थरथर पकडते, संगणक तिचे शब्द करतो आणि नोंद लिहून मोकळा होतो. मनातलं सगळं नाही हं. चित्रं, स्वप्नं, धूसर भीती यातलं काही नाही. जे शब्दांत तयार होऊन ओठापर्यंत येतं आणि परत फिरतं, तेवढंच. म्हणजे सड्यावर बसून सारिकानं मनात म्हणायचं, 'कणसाला तीन फाटे, कुसळ वाकडं', की घरच्या संगणकावर नोंद तयार.

बसवताना ती समोर बसून वालाच्या डाळिंब्या सोलत होती. अ‍ॅप प्रश्न विचारत होतं आणि तिचे हात ओले म्हणून उत्तरं मी देत होतो. नाव, सारिका. लिंग, स्त्री. भाषा, मराठी. त्याखाली आणखी दोन पर्याय आले: 'प्रमाण' आणि 'इतर बोली, प्रायोगिक'. मी प्रमाण निवडलं. हे विचारायचं असतं असं माझ्या मनातही आलं नाही.

"त्याला कसंही बोललेलं कळतं का रे?" तिनं विचारलं.

"कसंही म्हणजे?"

"म्हणजे मनात माणूस कसंही बोलतो ना."

"तू नीटच बोलतेस की," मी म्हटलं.

एक डाळिंबी तिच्या चिमटीतून उडून कपाटाखाली गेली, ती शोधत बसली.

पुढचा प्रश्न होता, 'वेगवेगळे वक्ते ओळखायचे का?' कारण माणूस मनात फक्त स्वतःचंच बोलत नाही. दुसऱ्याचं ऐकलेलं आठवतो, घोळवतो, तेव्हाही त्याची जीभ ते शब्द चाखतेच. ते वेगळे काढलेले बरे, म्हणून मी होय म्हटलं. सगळ्यात शेवटी, 'नोंदी घरच्या संगणकावर सर्वांना दिसू द्याव्यात' यापुढे आधीच बरोबरची खूण होती. ती मी तशीच राहू दिली. एवढाच माझा गुन्हा.

पहिले काही आठवडे सारिका इतकी खुशीत होती की मला त्या टिकलीचाच हेवा वाटायला लागला. पूर्वी सड्यावरून आली की ती मला सांगायची, अमुक दिसलं, तमुक नाही दिसलं. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण सांगायची तर मलाच. आता येऊन मुकाट चहा पिते, भांडी विसळताना स्वतःशीच हसते. विचारलं तर म्हणते, "काही नाही रे, नोंद झाली." नवऱ्याची जागा दोन मिलिमीटरच्या टिकलीनं घ्यावी, यापरता अपमान कोणता?

आणि मग तो शनिवार. सारिका तिच्या संस्थेतल्या ढोमणे नावाच्या सहकाऱ्याबरोबर सड्यावर गेली होती. मी संगणकावर कामाची फाइल उघडायला गेलो, तर समोर पुटपुटचा आठवड्याचा गोषवारा:

'या आठवड्यात आपल्या नोंदींत दोन वक्ते आढळले. सारिका. आणि दुसरा वक्ता: पुरुष, अनोळखी.'

कुणाचंही पाकीट उघडून बघू नये हे मला कळतं. पण समोर पडलेलं पाकीट उघडंच असेल तर डोळे मिटून चालणार का? मी 'दुसरा वक्ता' यावर बोट ठेवलं. त्याच्या नोंदी भराभर खाली उतरल्या.

'पाऊस थांबेपर्यंत इथंच बसतो.'

'गुडघा दुखतोय. सांगणार कुणाला.'

'बास झालं आता. किती दिवस गप्प बसायचं. मी काय कुणाचं खातो काय.'

आणि मधेच गवतांची लॅटिन नावं, अचूक, एकही चूक नसलेली. म्हणजे हा गृहस्थ तिच्या धंद्यातला. खाली सरकवता सरकवता मी एका नोंदीपाशी थांबलो आणि माझे कान गरम झाले.

'हृषी झोपलाय. घोरतोय. मी बसतो जरा त्याच्याजवळ.'

आता सांगा. परपुरुष बायकोच्या मनात असणं एक वेळ समजू शकतो, पण तो माझ्या घरात येऊन, मी दुपारी आडवा झालेलो असताना, माझ्या उशाशी बसतो? हा कुठला निर्लज्जपणा? मी दोन वेळा उठून पलंगाकडे बघून आलो.

मग पुटपुटच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडे माणूस नव्हता, यंत्रच होतं. 'आपण धीर धरल्याबद्दल आभारी आहोत' हे त्याचं वाक्य मीच दोन वर्षांपूर्वी तपासून दिलं होतं. मी विचारलं, हा दुसरा वक्ता कोण आहे हे कसं ठरवता?

"टिकली आवाज ऐकत नाही," यंत्र म्हणालं, "त्यामुळे आवाज बाईचा की पुरुषाचा हे आम्हाला समजत नाही. बोलणाऱ्याच्या वाक्यरचनेवरून आम्ही ते ठरवतो."

"आणि एखाद्या बाईच्या नोंदींत पुरुषाचं बोलणं इतकं येतं म्हणजे?"

"एखाद्याचे शब्द माणसाच्या मनात सतत घोळत असतील, तर ते इतके येऊ शकतात."

सतत घोळत असतील. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं आणि मी फोन आपटला.

पहिला संशय अर्थातच ढोमणेवर. तरतरीत माणूस, स्वतःहून सारिकाची पिशवी उचलतो, शीळ घालतो. शीळ घालणाऱ्या पुरुषांवर माझा पूर्वीपासून विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी तो गवताचे नमुने द्यायला घरी आला तेव्हा मी त्याला आग्रहानं बसवून घेतलं.

"चहा घेणार ना?"

"नाही जी, मी त घरूनच पिऊन निघालो," ढोमणे म्हणाला. "पण तुम्ही म्हणता त घेतो."

सारिका चहा टाकायला आत गेली. मी त्याला बोलतं केलं. हवामान, रस्ते, सड्यावर किती वेळ बसता, गुडघे दुखतात का. तो वर्ध्याचा. चार वाक्यांत माझी खात्री पटली की हा तो नव्हे. वर्ध्याचा माणूस 'बास झालं' म्हणणार नाही, 'इथंच बसतो' म्हणणार नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात त्यानं चहात बिस्किट बुडवावं तितक्या सहजपणे मला बुडवलं.

"मॅडम आता दोन वर्षं चंदगडले राहायले जाऊन राहिल्या, मंग आमचं इथं कसं होते काय माहीत."

"चंदगडला?"

"नवीन अभ्यासकेंद्र नाही का. सांगितलं असंन ना तुम्हाले."

"सांगितलं ना," मी म्हटलं.

कुणी सांगितलं नव्हतं. सारिका कप घेऊन बाहेर आली आणि मी बिस्किटं छान आहेत असं म्हणालो.

ढोमणे गेल्यावर ती अक्काशी बोलायला गच्चीत गेली. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, गडहिंग्लजला माहेरीच असते. अक्काचा फोन आला की सारिका गच्चीत जाते आणि मागे दार ओढून घेते. लग्न झाल्यापासून असंच. मी कधी विचारलं नाही, बहिणी-बहिणींचं काही असेल म्हणून. त्या दिवशी मात्र काचेतून तिचे हलणारे ओठ बघत बसलो. ही बाई दोन वर्षांसाठी निघाली आहे, आणि हे बहिणीला माहीत, ढोमणेला माहीत, त्या टिकलीला माहीत. माहीत नाही तो एकटा मी.

संध्याकाळी नवी नोंद उतरली. दुसरा वक्ता म्हणत होता:

'मी जातो. ठरवलो आता. हृषीला सांगायला जीव होत नाही.'

या 'ठरवलो'नं मला धागा दिला. प्रमाण मराठीत 'मी ठरवलं' म्हणतात. 'मी ठरवलो', 'मी केलो' असं बोलतात ते कानडीच्या शेजारी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात. मी कागद घेऊन त्या माणसाचं वर्णनच काढलं. तिच्या माहेरच्या भागातला. शिकलेला, वनस्पतिशास्त्र जाणणारा. वय पंचेचाळिशीच्या आसपास, गुडघे दुखतात. स्वभावानं सोशिक, पण आता सहनशक्ती संपत आलेली. आमच्या घरात वावर आहे. मला ओळखतो, आणि विचित्र म्हणजे, मला दुखवायची त्याला भीती वाटते.

मी माझ्या कामात तरबेज आहे. त्या वर्णनात एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

कॉलेजातला मित्र, मी मनाशी पक्कं केलं. सारिका लग्नाआधी गडहिंग्लजच्या कॉलेजात होती. तिथला कुणीतरी. चंदगडच्या केंद्राचा प्रमुखच असेल, त्यानंच बोलावलं असेल. तो सोमवारचा आख्खा दिवस मी कामात लक्ष घालू शकलो नाही. एका गीझरला 'पाणी तापली आहे' असं बोलू दिलं, आणि साहेबांच्या बोलण्याचंही मला काही वाटलं नाही. एकच वाटत होतं की जे बोलणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही ते कुणीतरी तिच्याशी बोलतंय. 'गुडघा दुखतोय, सांगणार कुणाला.' तिच्याशी इतकं साधं, इतकं आतलं बोलणारा माणूस. माझ्याशी ती गुडघ्याबद्दल कधी बोलली नव्हती. मीही माझ्या गुडघ्याबद्दल बोललो नव्हतो.

दिवेलागणीला ती सड्यावरून आली. बुटांना लाल माती, खांद्याला नमुने दाबायच्या फळ्यांची पिशवी. मी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवून ठेवला होता.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोण?"

"वाच."

तिनं पिशवी न उतरवता उभ्यानंच वाचलं. पहिलं ती जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं.

"तू हे वाचत होतास?"

"समोर दिसत होतं."

"दिसणं वेगळं, वाचणं वेगळं. किती दिवस वाचतोयस?"

"विषय बदलू नकोस सारिका. तो तुझ्या माहेरचा आहे, एवढं मी ओळखलंय. कॉलेजातला ना? चंदगडला तोच आहे ना?"

तिनं पुन्हा पडद्याकडे बघितलं, 'पुरुष, अनोळखी' या शब्दांवर बोट टेकवलं, आणि एकदम हसायला लागली. पिशवी खाली घसरली तरी हसत होती.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

हसू थांबलं. थांबल्यावर तिचा चेहरा रडणाऱ्या माणसासारखा दिसायला लागला. तिनं खिशातून फोन काढला, अक्काचा नंबर लावला आणि या वेळी ती गच्चीत गेली नाही. माझ्यासमोर टेबलावर फोन ठेवून त्याचा आवाज मोठा केला.

"अक्का, मी बोलतोय."

"बोल की गं. आवाज कसला झालाय? रडालीस काय?"

"नाही गं. आत्ताच आलो सड्यावरनं. दमलोय जरा. तू काय करालीस?"

"दिवा लावालोय. मागनं करू काय फोन?"

"कर. मी बसतो इथंच."

तिनं फोन बंद केला. स्वयंपाकघरातून फ्रिज म्हणाला, दार उघडं आहे. ते बंद करायला कुणी उठलं नाही.

"आला बघ तुझा माणूस," सारिका म्हणाली.

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. चांगलं माहीत होतं. कामाच्या नियमावलीत त्यावर माझं स्वतःचं अर्धं पान आहे. फक्त ते अर्धं पान माझ्या शेजारी झोपतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पण तू तर कधी माझ्याशी..." मी म्हटलं.

"लग्न झालं त्या आठवड्यात बाजारातून आले आणि दारातच म्हटलं, मी आलो. तू म्हणालास, आलो नाही गं, आले. हसून म्हणालास, रागानं नाही. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मीच बदलून टाकलं."

"मला आठवत नाही."

"तुला कशाला आठवेल. तुझं तर ते काम आहे." तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "वाईट नाही वाटलं रे तेव्हा. चांगलं बोलायला शिकतेय असंच वाटलं. पण आत तसंच राहिलं. गवताशी तसंच, अक्काशी तसंच, एकटी असले की तसंच. तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी आतल्या आत बदलून घ्यायचं. चार वाक्यं बदलायचा कंटाळा आला की एकच बोलायचं. 'काही नाही रे.'"

म्हणजे ते 'काही नाही रे' असं तयार होत होतं. मी ते अठरा वर्षं ऐकत आलो होतो.

"मग आता बोल तसं," मी म्हटलं. "आत्तापासून. मी काही म्हणणार नाही."

"येत नाही."

"म्हणजे?"

"तू समोर असलास की जीभ आपली आपणच वळते. मी नाही वळवत." ती टिकली काढून तळहातावर घेऊन बघत होती. "बघ ना, आत्तासुद्धा 'आले' म्हटलं, 'एकटी असले' म्हटलं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटायला हवं होतं. परपुरुष नव्हता, संसार शाबूत होता. पण माझा मत्सर जाईना. उलट आधी तो एका माणसाबद्दल होता, आता अक्काबद्दल वाटायला लागला, सड्यावरच्या गवताबद्दल वाटायला लागला. सगळ्यांना ती मिळत होती. मला मिळत होती ती तपासून, दुरुस्त करून.

"दुपारी मी झोपलो की जवळ बसतेस?" मी विचारलं.

"बसते कधी कधी."

बसते. मी तर 'बसतो' असं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. माझ्या उशाशी येऊन बसणाऱ्याशी माझी जागेपणी एकदाही गाठ पडली नव्हती.

"आणि चंदगड?"

"जाणार. तुला सांगणार होते, शब्द जुळवत होते. गवतासाठी जातेय, हे खरं. पण उगाच खोटं कशाला बोलू, तिकडे जीभ सैल सोडता येईल, हेही आहे."

"परत येशील?" हे मी विचारलं ते मला स्वतःलाच ऐकू आलं नाही इतकं हळू.

"तो काय प्रश्न झाला," ती म्हणाली. उत्तर नव्हतं ते. मी भाषेत काम करतो, प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं हे मला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मिळून पुटपुटच्या सेटिंगमध्ये शिरलो. या वेळी खुर्चीवर ती बसली, मी उभा. 'सर्वांना दिसू द्याव्यात' यापुढची खूण तिनं काढली, आणि काढताना माझ्याकडे बघितलंही नाही. भाषेच्या रकान्यात 'प्रमाण'वरून 'इतर बोली, प्रायोगिक' केलं.

"प्रायोगिक म्हणे," ती म्हणाली. "आमचं अख्खं गाव प्रायोगिक. तुझ्यासारख्या कुणीतरीच तपासलं असणार हे."

ते अशक्य नव्हतं.

अ‍ॅपनं थोडा विचार केला आणि विचारलं, 'सारिका आणि दुसरा वक्ता ही एकच व्यक्ती असण्याची शक्यता आहे. एकत्र करायचं?' मी पटकन माउसकडे हात नेला. तिनं तो बाजूला केला. बराच वेळ त्या दोन नावांकडे बघत बसली आणि मग तिनं 'नंतर विचारा' दाबलं.

दिवाळीनंतर ती गेली. दारात पिशव्या, खाली गाडी उभी. मी मनात धरून बसलो होतो की आज, निदान जाताना, ती मला तो एक शब्द देईल. लिफ्टनं दार उघडलं, माझ्याच शुद्ध मराठीत 'कृपया आत या' म्हणाली. सारिकानं माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"येते," ती म्हणाली.

"ये," मी म्हटलं.

तिकडून रोज फोन यायचा, आणि प्रत्येक फोन म्हणजे मला शिक्षा. मागे माणसांचे आवाज. कुणीतरी हाक मारायचं, "मॅडम, येतासा काय?" आणि सारिका मोठ्यानं ओरडायची, "आलो, आलो, थांबा की जरा." गळा मोकळा सोडून, मी कधी न ऐकलेल्या आवाजात. मग फोन तोंडाशी आणून मला म्हणायची, "हं, बोल. आत्ताच आले." त्या एका श्वासात ती घाट उतरून पुण्याला यायची. चंदगडच्या शिपायाला जे फुकट मिळत होतं, त्यासाठी मी झुरत होतो.

मी एकदा स्वतःच प्रयत्न केला. म्हटलं, "काय करालीस?" पलीकडे इतका हशा झाला की तिला खोकला आला. "तू नको रे," ती म्हणाली. "तुझ्या तोंडात ते लिफ्टसारखं वाटतं." मग मी तो नाद सोडला. फोनवर फक्त ऐकायचं ठरवलं. तिला मधे तोडायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, वाक्य तिच्या आधी पूर्ण करायचं नाही. ही शेवटची सवय मला आहे हे तोवर मला माहीत नव्हतं. सोडताना फार जड गेली.

परवा दुपारी फोन आला, नेहमीच्या वेळेला नाही. मी एका नव्या बँक-यंत्राची वाक्यं तपासत होतो. फोन उचलला तर पलीकडे आधी फक्त धाप.

"हृषी, हृषी, ऐक. ती सापडली. ती गवताची जात, आखूड कुसळाची. शंभर वर्षांत कुणाला दिसली नव्हती ती. कातळावरच्या डबक्याच्या कडेला, एवढीशी. सकाळपासनं चिखलात बसलोय मी, पाय सुन्न झालेत, आणि डोकं वर करतो तर समोर हीच..."

ती थांबली. तिलाही ते ऐकू आलं असावं. पलीकडे वारा वाहत होता. माझ्या समोरच्या पडद्यावर लाल खुणांची वाक्यं पडली होती आणि माझा हात सवयीनं माउसवर होता. तो मी काढून मांडीवर ठेवला. काही म्हणालो असतो, बरं वाटलं म्हणालो असतो, तरी सगळं संपलं असतं.

"मग?" मी विचारलं.

नंतर ती बोलली, हळू, पण वळवून नाही.

"मग काय. सगळं तिथंच टाकलो, आणि तशीच पळत आलो. तुला सांगायला."